विश्लेषण : धरणाची भिंत न वाढवता खडकवासल्यात पाणी कसे वाढले? विश्वेश्वरय्यांच्या पाणीयोजनांची कहाणी

१५ सप्टेंबर जवळ आला की इंजिनीअर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हमखास अवतरतात. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कोट-टाय आणि सोबत ठरलेले दोन किस्से. एकात ते रेल्वेच्या बदललेल्या आवाजावरून पुढचा रूळ तुटल्याचे ओळखतात, दुसऱ्यात सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची पेटवतात. किस्से खरे की रचलेले हा वाद बाजूला ठेवू. त्यांच्या नावावर जे काम खरोखर उभे राहिले, ते या किस्स्यांहून कितीतरी रंजक आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या अंगणात, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात झाले.

शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागर धरणाचे शिल्पकार अशी असते. पण त्याआधीची सुमारे २४ वर्षे ते मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत होते. धुळे, सक्कर, सुरत, पुणे, एडन अशा गावांना पाणी कसे मिळेल, हा त्या नोकरीतला मोठा भाग होता.

पुण्याशी नाते कसे जुळले?

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. हे गाव आज कर्नाटकच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येते. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा शाळेत असतानाच ते गेले. मामाच्या आधाराने मुलगा बंगळूरला आला, शिकवण्या घेऊन खर्च भागवला आणि १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. म्हैसूर संस्थानाने शिष्यवृत्ती दिली आणि इंजिनीअरिंगसाठी त्यांची रवानगी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. म्हणजे आजचे सीओईपी.

१८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले. त्या काळी पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरीची हमी असे. त्यामुळे १८८४ मध्ये, विशीच्या सुरुवातीलाच, ते सहायक अभियंता झाले. सुरुवात नाशिक भागात झाली, लगेच खानदेशात धाडले गेले.

धुळ्यातले पहिले काम

धुळ्यात त्यांच्याकडे पांझरा नदीवरच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम आले. पाटाचे पाणी उताराने वाहते. वाटेत प्रवाह आडवा आला की त्यावरून पूल बांधून पाणी न्यायचे किंवा खालून नळ टाकून. खालून नळ टाकला तर पाणी आधी खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा वर चढते, कारण अलीकडचे तोंड पलीकडच्यापेक्षा थोडे उंच ठेवलेले असते. पंप लागत नाही. पण नळात पाण्याचा दाब असतो, वरून पुराचा मारा असतो आणि नळ रिकामा राहिला तर ओल्या वाळूत तो वर उचलला जाण्याची भीती असते. दिसायला साधे, बांधायला चिवट काम.

भर पावसाळ्यात पुराने आणि वाळूने काम बुजू लागले, तेव्हा या नवख्या अभियंत्याने वरिष्ठांना कळवले की पाऊस संपेपर्यंत थांबावे. वरिष्ठांना हे रुचले नाही. नोकरीच्या पहिल्याच टप्प्यात शिस्तीवरून कानउघाडणी झाली. मग त्यांनी तिथेच राहून, पुराच्या उघडिपीत माणसे लावून काम पुरे केले. आजही साइटवर पहिली पोस्टिंग मिळालेल्या कनिष्ठ अभियंत्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

सक्करला फिल्टरसाठी पैसे नव्हते, मग काय केले?

१८९४ मध्ये त्यांची सेवा सक्कर नगरपालिकेकडे वर्ग करण्यात आली. सक्कर सिंधमध्ये, सिंधू नदीच्या काठावर. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. गावाला पाणी द्यायचे तर नदी दारातच. अडचण एवढीच की सिंधूचे पाणी गढूळ असते, पुरात तर चहासारखे. ते थेट नळात सोडता येत नव्हते.

गाळून पाणी देण्याची पद्धत तोवर जगात रुळली होती. लंडनमध्ये १८२९ पासून वाळूच्या थरातून पाणी सावकाश गाळले जात होते. ती पद्धत किती महत्त्वाची आहे हे सक्करच्या कामाच्या दोनच वर्षे आधी जर्मनीत दिसले होते. १८९२ मध्ये हॅम्बर्ग शहरात कॉलऱ्याने ८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याला लागूनच असलेले अल्टोना शहर त्याच एल्बे नदीचे पाणी पीत होते, तेही हॅम्बर्गच्या खालच्या अंगाचे. तरी ते बरेचसे वाचले. कारण अल्टोनात पाणी वाळूतून गाळले जात होते.

पण असे फिल्टर बांधायला मोठी जागा लागते, पाणी निवळण्यासाठी टाक्या लागतात, वाळू खरवडून बदलावी लागते. सक्करच्या नगरपालिकेला हा खर्च झेपणारा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. वाळूचा फिल्टर बांधायला पैसे नाहीत, पण नदीचे पात्र स्वतःच वाळूचे आहे. मग त्यांनी काठाजवळ पात्रातच विहीर घेतली आणि तिच्यातून नदीच्या तळाखाली काही अंतरापर्यंत बोगदा नेला. नदीचे पाणी वाळूतून झिरपत बोगद्यात, तिथून विहिरीत यायचे. येईपर्यंत ते निवळलेले असायचे. पुढे ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचे आणि टाकीतून उताराने गावात सोडायचे. १८९५ मध्ये योजना पुरी झाली.

आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीने हंडा भरणाऱ्या बायकांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सक्करला तेच तत्त्व अख्ख्या गावाच्या मापाने वापरले गेले. आजही नदीकाठच्या अनेक नळपाणी योजनांमध्ये पात्रातली विहीर आणि इन्फिल्ट्रेशन गॅलरी असते, ती याच जातीची.

यात बांधकामाच्या अंगाने खरी परीक्षा विहिरीची असते. नदीच्या वाळूत खड्डा खोदला की बाजू ढासळतात. म्हणून अशी विहीर साधारणपणे आधी वर बांधतात आणि आतली वाळू उपसत जातात, तशी ती स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते. एका बाजूची वाळू जास्त निघाली की विहीर कलते. गोल आकार घेण्यामागेही कारण आहे. बाहेरून चहूबाजूंनी येणारा वाळू-पाण्याचा दाब गोल भिंतीला कमानीसारखा फक्त आवळतो, आणि दगड-विटांचे बांधकाम आवळण्याला भक्कम तोंड देते. ताणाला ते कच्चे असते. शिवाय पुरात नदी तळाची वाळू खरवडून नेते, त्यामुळे विहिरीचा पाया त्या खरवडीच्याही खाली न्यावा लागतो. गावाला हे काही दिसत नाही. गावाला नळ दिसतो.

खडकवासल्याचा प्रश्न नेमका काय होता?

सक्करनंतर सुरत झाले, मग पुणे. मधल्या काळात, १८९८ मध्ये, ते चीन-जपानला जाऊन आले. १८९९ मध्ये पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यात मुठा नदीवरचे खडकवासला धरण होते. तेव्हा त्याच्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत, धरण योजणाऱ्या लष्करी अभियंता फाइफ यांच्या नावावरून. १८७० च्या दशकात उभे राहिलेले हे दगडी धरण पुणे शहर, लष्कराच्या छावण्या आणि मुठेचे कालवे या सगळ्यांची तहान भागवत होते. शहर वाढले, कालव्याखालचा ऊस वाढला, पाणी पुरेना.

गंमत अशी की दर पावसाळ्यात याच धरणाच्या सांडव्यावरून बक्कळ पाणी वाहून जात होते. मोठ्या पुरात तर सांडव्याच्या माथ्यावरून ६ ते ८ फूट जाडीचा प्रवाह जाई. पाऊस संपला की पातळी सांडव्याच्या माथ्याशी येऊन थांबे आणि पुढचे आठ महिने तेवढ्यावरच काढावे लागत.

मग सांडवा आणि भिंत दोन्ही उंच करायचे? इथे इंजिनीअरिंगचा एक साधा पण कठोर नियम आडवा येतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. त्यामुळे भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि भिंतीला उलथवू पाहणारा जोर घनाच्या पटीत. पाण्याची खोली १० टक्क्यांनी वाढवली तर रेटा २१ टक्क्यांनी वाढतो, उलथवणारा जोर तब्बल ३३ टक्क्यांनी. दगडी धरण या सगळ्याला केवळ आपल्या वजनाने तोंड देते. म्हणजे उंची वाढवायची तर वर चार थर रचून भागत नाही, तळापासून भिंत रुंद करावी लागते. भरलेल्या धरणाच्या बाबतीत हे काम खर्चाचे आणि जोखमीचे. १८९५ मध्ये फ्रान्समधले बूझे येथील दगडी धरण फुटून ८० हून अधिक माणसे गेली होती. भिंतीत शिरलेले पाणी तिला खालून वर उचलू पाहते, याकडे जगभरच्या अभियंत्यांचे लक्ष त्या दुर्घटनेनंतर प्रकर्षाने गेले. जुन्या धरणावर नवा भार टाकण्याआधी शंभरदा विचार करावा, असाच तो काळ होता.

स्वयंचलित दरवाजे ही कल्पना कशी सुचली?

विश्वेश्वरय्यांनी पुराच्या नोंदींकडे पाहिले. पुरात पाणी सांडव्याच्या माथ्याच्या ६ ते ८ फूट वर चढत होते, याचा अर्थ त्या पातळीचा रेटा धरण दर मोठ्या पुरात सोसतच होते. मग भिंतीला हात न लावता फक्त सांडव्यावर दरवाजे बसवले आणि पाणी त्याच पातळीपर्यंत अडवून धरले, तर? भिंतीवर पूर्वी कधी आला नाही असा भार येणार नाही. साठा मात्र वाढेल.

अट एकच. मोठा पूर आला की हे दरवाजे उघडलेच पाहिजेत. ते अडकले तर पाणी जुन्या कमाल पातळीच्याही वर जाईल आणि मग सगळा हिशेब कोसळेल. आता १९०० सालचा खडकवासला डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्र, घाटातला मुसळधार पाऊस, वीज नाही, रस्ता चिखलाचा. दरवाजे उघडायला माणसे वेळेवर पोहोचतील याची खात्री कोण देणार?

म्हणून दरवाजे माणसावर अवलंबून नकोत, असे त्यांनी ठरवले. त्यांनी आखलेली रचना तोलाच्या तत्त्वावर चालते. एका बाजूला दरवाजे, दुसऱ्या बाजूला त्यांना तोलून धरणारी वजने. पाणी ठरलेल्या पातळीच्या आत आहे तोवर दरवाजे बंद राहतात. पातळी ओलांडली की जादा पाणी आतल्या हौदात शिरून हा तोल बदलते आणि दरवाजे आपोआप उघडतात. पूर ओसरला की तोल पूर्ववत, दरवाजे पुन्हा बंद. आदेश पुराच्या पाण्याचाच आणि ताकदही त्याचीच.

१९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वर गेली. साठा वाढला सुमारे एक चतुर्थांशाने. इतक्याशा उंचीने एवढा फरक कसा, असे वाटेल. जलाशयाचा आकार परातीसारखा असतो, तळाशी अरुंद आणि वर पसरट. परातीत शेवटचे बोटभर पाणी ओतायला जितके लागते, तितके तळाचे बोटभर भरायला लागत नाही. तसेच हे.

या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर घेतले गेले. पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. मेणबत्तीच्या किस्स्यापेक्षा हा तपशील जास्त फॉरवर्ड व्हायला हवा होता. पुढे अशाच प्रकारचे दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसवण्यात आले.

तिगऱ्याचे नाव निघाले की आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ते दगडी धरण १९१७ मध्ये फुटले. पायाखालच्या खडकाच्या कमकुवतपणाशी त्या दुर्घटनेचा संबंध जोडला जातो. दरवाजे कितीही हुशार असले तरी भिंत शेवटी ज्या खडकावर उभी असते, त्याच्याइतकीच पक्की असते.

साठा वाढवला, पण वाटायचा कसा?

पुण्याच्या कालव्यांवर भांडण पाण्याच्या मापाचे कमी आणि वाटपाचे जास्त होते. कालव्याच्या तोंडाजवळचे शेतकरी ऊस भिजवत, शेवटच्यांना पाणी पोहोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी त्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. गावागावात ठरावीक जमिनीचे गट पाडायचे, गटाला पाण्याची हमी द्यायची आणि गटात ऊस व इतर पिकांची फेरपालट करायची. आधी शेतकऱ्यांकडून विरोध झाला. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगापुढे त्यांनी ही पद्धत मांडली आणि नीरा कालव्यासह दख्खनच्या कालव्यांवर ती रुजली. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार आजही तीच आहे, पण तो वेगळा विषय.

पुण्याच्या याच वर्षांत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय झाला. पुढे आयुष्यभर ते उद्योगांवर आणि शिक्षणावर बोलत राहिले, त्यामागे हा सहवास दिसतो.

एडनचे पाणी मुंबई सरकारच्या माथी का?

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनीअर झाले. म्हणजे इलाखाभरच्या शहरांचे पाणी आणि सांडपाणी. धारवाड, विजापूर यांसारख्या शहरांच्या पाणीयोजना त्यांच्या हाताखालून गेल्या. याच पदावर असताना १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले.

एडन आज येमेनमध्ये आहे. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखालचे लष्करी ठाणे आणि बोटींना कोळसा देणारे बंदर होते. ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर वसलेले, पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरकपारीत खोदलेली प्राचीन टाकी होती, पण ती पावसावर अवलंबून. बाकी भिस्त समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेल्या पाण्यावर. कोळसा जाळून मिळवलेले पाणी किती महाग पडत असेल, याची कल्पना करता येईल.

विश्वेश्वरय्यांनी शहराबाहेर, उत्तरेकडे लाहेजच्या मुलखात शोध घेतला. तिकडच्या डोंगरात पाऊस पडतो, तिथून निघणारी नदी समुद्राला पोहोचण्याआधीच वाळूत जिरते. वर पात्र कोरडे दिसते, खाली पाणी चाललेले असते. त्या पात्रात विहिरी घेऊन, पाणी उपसून नळाने एडनला आणावे, असा अहवाल त्यांनी दिला. सक्करला वाहत्या नदीखालची वाळू उपयोगी पडली होती, इथे न वाहणाऱ्या नदीखालची. सांडपाण्याच्या निचऱ्याची योजनाही याच अहवालाचा भाग होती. या कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

मग एवढी नोकरी सोडली का?

तोवर ते अनेक ज्येष्ठांना ओलांडून वरच्या पदावर पोहोचले होते. त्याची नाराजीही होती. शिवाय मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी भारतीयाला मिळण्यातली नव्हती. गुणवत्ता कितीही असो, वरचे दार बंद आहे, हे त्यांना दिसत होते. १९०८ मध्ये त्यांनी सेवेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. नियमाप्रमाणे पूर्ण पेन्शनला लागणारी वर्षे भरलेली नव्हती, तरी सरकारने पेन्शन मंजूर केली. ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि हैदराबादच्या निजाम सरकारचे बोलावणे त्यांना परदेशातच गाठले.

हैदराबादचा पूर आणि दोन तलाव

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे बुडाली, हजारो घरे पडली. अफजलगंजच्या बाजूला एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचल्याची आठवण शहर आजही सांगते. मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात असल्याने ही आपत्ती आपल्यालाही परकी नव्हती.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादला आले. त्यांनी आधी पाऊस कुठे किती पडला याच्या नोंदी जमवल्या, मग पूर शहरात येण्याआधी कुठून आला याचा माग काढला. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या खोऱ्यात सुमारे ७८८ लहान-मोठे तलाव होते. त्यातले २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. म्हणजे पावसाच्या पाण्यात साठलेल्या पाण्याचीही भर पडत गेली आणि शहराच्या पुलांपाशी सगळे एकाच वेळी पोहोचले.

शहरात नदीकाठच्या भिंती उंच करणे हा सोपा वाटणारा उपाय होता. त्यांनी तीही कामे सुचवली, पण मुख्य भर शहराच्या वर दोन मोठी धरणे बांधण्यावर दिला. एक मुसीवर, दुसरे तिची उपनदी असलेल्या ईसीवर. पुराचे शिखर आले की ते या जलाशयांत काही तास थोपवायचे आणि नदीला झेपेल तेवढेच खाली सोडायचे. मुसीवरचे उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचे हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. प्रत्यक्ष उभारणी स्थानिक अभियंत्यांनी केली. त्यातले नवाब अली नवाझ जंग हे स्वतः स्वतंत्र लेखाचा विषय आहेत.

मात्र या योजनेत एक पेच पहिल्यापासून होता. पूर अडवायचा असेल तर जलाशय रिकामा ठेवावा लागतो. पिण्यासाठी पाणी हवे असेल तर तो भरलेला हवा. सप्टेंबरअखेरीस, जेव्हा पाऊस संपत आलेला असतो पण कधीही झोडपू शकतो, तेव्हा किती भरायचे आणि किती मोकळे ठेवायचे? उस्मानसागर-हिमायतसागर पुढे हैदराबादच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये शहरात अतिवृष्टी झाली, तेव्हा हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या वस्त्यांचे लक्ष त्या विसर्गाकडे लागले होते. शंभर वर्षांनंतरही पेच तोच आहे.

म्हैसूरमध्ये पाया आधीच रुंद का ठेवला?

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. या काळातले कारखाने, बँक, विद्यापीठ यांची यादी सगळीकडे सापडते. इथे कृष्णराजसागरचा एकच तपशील पुरेसा आहे. कावेरीवर ४१.५ टीएमसी साठ्याचे धरण बांधायचा म्हैसूरचा प्रस्ताव होता. खालच्या अंगाच्या मद्रास प्रांताने हरकत घेतली आणि ११ टीएमसीच्या धरणालाच संमती दिली. म्हैसूरने काम सुरू केले, पण पाया पूर्ण उंचीच्या धरणाला लागेल इतका रुंद घेतला. वर सांगितलेला घनाचा हिशेब आठवा. अरुंद पायावर पुढे कधीच उंची वाढवता आली नसती. मद्रासला ही चलाखी अर्थातच खटकली. वाद लवादापर्यंत गेला आणि १९२४ च्या करारात मिटल्यासारखा झाला. मिटला किती, हे कावेरीच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. धरणाच्या भिंतीत सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी वापरण्यात आली.

दिवाणपद सोडल्यावरही त्यांना बोलावणी येत राहिली. वयाच्या नव्वदीनंतर ते बिहारमध्ये गंगेवरच्या पुलाची जागा ठरवण्यासाठी सल्ला देत होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ ला काय झाले?

खडकवासल्याच्या वरच्या बाजूला, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. पावसाळा आला तेव्हा काम पुरे झालेले नव्हते. पाणी बाहेर सोडणाऱ्या भुयारी मार्गावरचा भराव खचला आणि १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते सगळे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले.

खडकवासल्याची भिंत किंवा तिचे दरवाजे पावसाच्या पुराच्या हिशेबाने होते. वरचे अख्खे धरण एका सकाळी अंगावर येईल हा हिशेब त्यात कुठेच नव्हता, असण्याचे कारणही नव्हते. जुनी दगडी भिंत फुटली आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरमध्ये होते, वय शंभरीला टेकलेले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा उभी करण्यात आली. आज तिच्यावरचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या आदेशाने वर-खाली होतात. पावसाळ्यात विसर्ग वाढवल्याचा मेसेज पुणेकरांच्या मोबाइलवर येतो, त्यात आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेकचा मेसेज आला, तर दर सेकंदाला सुमारे २ लाख ८० हजार लिटर पाणी मुठेत उतरत असते आणि भिडे पूल बंद झाला की नाही, हे पाहायला लोक डेक्कनला गर्दी करतात.